एमएच ३८ ची गाडी आणि परदेशातली नोकरी

पुण्यात किंवा हैदराबादेत पुढच्या गाडीवर ‘एमएच ३८’ दिसले की हिंगोलीचा माणूस हमखास हॉर्न वाजवतो, सिग्नलला काच खाली करतो आणि गाव विचारतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा अवघ्या पाच तालुक्यांचा: हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव. इथे एखाद्याच्या दारात चारचाकी उभी राहिली की सगळ्या भावकीला ते कळते. कोणत्या साली हळदीला भाव लागला, किती हप्ते बांधून घेतले, टायरखाली पहिले लिंबू कोणत्या देवळासमोर ठेवले, हे घरात सगळ्यांना पाठ असते. म्हणूनच घरातल्या मुलाचा किंवा सुनेचा परदेशातल्या नोकरीचा व्हिसा आला की तिकिटाच्या पाठोपाठ प्रश्न निघतो तो गाडीचा. सोबत नेता येईल का?

प्रश्न खुळा नाही. मोठ्या कंपन्या नेमणूकपत्रातच घरसामान हलवण्याचा खर्च धरतात, आणि त्या सामानात गाडी बसते का, अशी शंका येणे साहजिक आहे. शिवाय परदेशी जाणारे आता फक्त संगणक अभियंते राहिलेले नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी दहा हजार कुशल माणसे पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, बस आणि ट्रकचे चालकही आहेत. यातल्या अनेकांच्या घरात पासपोर्ट नवा आणि गाडीही नवी, अशी स्थिती असते.

उत्तर आधीच सांगितलेले बरे. नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी गाडी सोबत नेऊ नये. मात्र ‘नेत नाही’ एवढे ठरवून विमानात बसणेही धोक्याचे आहे. मागे राहिलेल्या गाडीच्या कागदांकडे दुर्लक्ष झाल्याने होणारे नुकसान जहाजाच्या भाड्याहून कितीतरी मोठे असू शकते.

गाडी परक्या बंदरावर उतरली की तिथला कायदा तीन गोष्टी बघतो. स्टेअरिंग कोणत्या बाजूला आहे, गाडी कोणाच्या नियमांप्रमाणे बनली आहे, आणि मालक त्या देशात किती काळासाठी आला आहे. पहिल्या दोन गोष्टी कोणालाही सुचतात. तिसरी सहसा ध्यानात येत नाही. नोकरीचा व्हिसा ही मुदतीची परवानगी असते. काही देश अशा माणसाला गाडी आणू देतात, पण तीही मुदतीपुरती. काही देश ती सवलत फक्त कायमच्या रहिवाशांना देतात.

आखाताचा निकाल पहिल्याच प्रश्नावर लागतो. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान या देशांत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टेअरिंग डावीकडे असते. उजव्या स्टेअरिंगच्या खासगी गाडीची तिथे रोजच्या वापरासाठी नोंदणी होत नाही. सौदीत तर पाच वर्षांपेक्षा जुनी मोटार आणूच देत नाहीत. ‘स्टेअरिंग बदलून घेऊ’ असा सल्ला कधीकधी मिळतो. तो मानू नये. स्टेअरिंगसोबत डॅशबोर्ड, पेडल, वायपर, हेडलाइट आणि एअरबॅगची सगळी रचना हलवावी लागते, आणि एवढे बदल केलेली गाडी कंपनीने तपासून विकलेली गाडी राहत नाही. अपघात झाला तर तिथली विमा कंपनी पहिला प्रश्न नेमका याच बदलांबद्दल विचारेल.

जर्मनीची गोष्ट थोडी निवांत समजून घ्यायला हवी, कारण तिथे दार पूर्ण बंद नाही. युरोपीय संघाचा २००९ सालचा एक नियम आहे, क्रमांक ११८६. जो माणूस संघाबाहेर सलग १२ महिने राहिला आहे आणि आता आपले राहते घर युरोपात हलवत आहे, त्याला वापरातले सामान सीमाशुल्काशिवाय आणता येते, आणि त्या सामानात खासगी मोटारही धरली जाते. अटी कडक आहेत. गाडी निघण्यापूर्वी किमान ६ महिने त्याच्या ताब्यात आणि वापरात हवी. तिकडे घर केल्यापासून १२ महिन्यांच्या आत ती आणायला हवी. आणल्यानंतर पुढचे १२ महिने ती विकता, भाड्याने देता किंवा कोणाला वापरायला देता येत नाही. म्हणजे व्हिसा आल्यावर ‘तिकडे महाग पडेल, इथूनच नवी घेऊन जाऊ’ असा बेत केला तर ही सवलत हातची जाते.

सवलत नाही मिळाली तर काय? मोटारीवर साधारण १० टक्के सीमाशुल्क आणि त्यासह होणाऱ्या एकूण किमतीवर जर्मनीचा १९ टक्के कर. भाड्यासकट १० लाख रुपये किंमत धरलेल्या गाडीवर १ लाख शुल्क, मग ११ लाखांवर २ लाख ९ हजार कर. एकूण ३ लाख ९ हजार रुपये, आणि गाडी अजून बंदरातच उभी.

त्यानंतरची पायरी जास्त अवघड. भारतातल्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला युरोपीय नियमांशी जुळत असल्याचा कंपनीचा दाखला नसतो. मग टीयूव्हीसारख्या अधिकृत तपासणी संस्थेच्या तज्ज्ञाकडून त्या एका गाडीची स्वतंत्र तपासणी करून मंजुरी घ्यावी लागते. धूर, ब्रेक, काचा, दिवे, सगळे तपासले जाते. आपले हेडलाइट डावीकडच्या वाहतुकीसाठी बसवलेले असतात. तिथे तेच समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातात, म्हणून बदलावे लागतात. आणि एवढे करून गाडी रस्त्यावर आली तरी चालवणाऱ्याचे भारतीय लायसन्स तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून फक्त ६ महिने चालते. भारताचे लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. चालक म्हणून जर्मनीला जाणाऱ्या तरुणाने गाडीपेक्षा या परीक्षेच्या तयारीवर खर्च केलेला केव्हाही चांगला.

ब्रिटनमध्ये वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे अनेकांना वाटते की तिकडे काही अडचण येणार नाही. स्टेअरिंगची अडचण खरोखरच येत नाही. घर हलवणाऱ्याला करसवलतही आहे. त्यासाठी ‘टीओआर १’ हा अर्ज करावा लागतो. ब्रिटनबाहेर सलग १२ महिन्यांचे वास्तव्य, गाडीची किमान ६ महिन्यांची मालकी आणि वापर, आणि पोचल्यावर १२ महिने न विकण्याची हमी, अशा अटी असतात. गाडी पोचल्यापासून १४ दिवसांत तिथल्या करखात्याला कळवावे लागते. घोडे पेंड खाते ते पुढे. १० वर्षांपेक्षा कमी जुन्या आणि तिथली मान्यता नसलेल्या गाडीला एकट्या गाडीची स्वतंत्र मंजुरी परीक्षा द्यावी लागते. ती पार केल्याशिवाय ब्रिटिश नंबर मिळत नाही. भारतीय लायसन्सवर तिथे १२ महिने चालवता येते, मग परीक्षा.

‘पण हीच गाडी तर तिकडेही विकतात’ हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो, आणि तो करणाऱ्यांकडे पुरावाही असतो. मारुती सुझुकीची भारतात बनलेली बलेनो २०१६ पासून जपानला गेली, २०२४ मध्ये फ्राँक्सही गेली. होंडाची एलिव्हेट जपानमध्ये डब्ल्यूआर-व्ही या नावाने विकली जाते आणि तीही भारतातच बनते. मात्र निर्यातीची गाडी त्याच कारखान्यात बनली तरी ती त्या देशाच्या नियमांप्रमाणे बनवलेली असते आणि तिच्यासोबत त्या देशाची मंजुरी असते. हिंगोलीच्या शोरूममधून घेतलेल्या गाडीची मंजुरी भारताची. नाव, रंग, इंजिन सारखे दिसले तरी परक्या आरटीओला कागद लागतो. बुलेटवाल्यांनाही हेच लागू आहे. रॉयल एनफिल्ड लंडनमध्ये दिसते म्हणून सेनगावची बुलेट लंडनमध्ये चालेल असे नाही.

अमेरिकेचा विषय निघाला की औंढ्याची आठवण होते. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन थोरल्या बहिणी अमेरिकेत आहेत, एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला, दुसरी लुइझियानात लिव्हिंगस्टनला. उद्या औंढ्याचा एखादा तंत्रज्ञ लिव्हिंगस्टनला नोकरीवर गेला आणि त्याने गाडी नेण्याचे मनात आणले, तर त्याची गाठ २५ वर्षांच्या नियमाशी पडेल. अमेरिकेच्या सुरक्षा मानकांप्रमाणे न बनलेली मोटार २५ वर्षांची झाल्याशिवाय तिथे कायमची आणता येत नाही. तात्पुरत्या मुक्कामाला येणाऱ्या परदेशी रहिवाशाला वैयक्तिक वापरासाठी एक वर्षापुरती सूट असते, पण त्या वर्षात गाडी विकता येत नाही आणि मुदत संपली की देशाबाहेर न्यावी लागते. जाण्याचे भाडे, येण्याचे भाडे आणि मधे एकच वर्ष! एवढ्या पैशांत तिथे चालू स्थितीतली जुनी गाडी मिळते.

कॅनडाचा नियम याच वळणाचा. तिथे वर्षे १५ आहेत. नोकरीच्या परवान्यावर तात्पुरते राहणाऱ्याला गाडी तात्पुरती आणण्याची मुभा आहे, पण तीही परत न्यावी लागते. ऑस्ट्रेलियात गाडी बोटीत चढण्यापूर्वीच आयात मंजुरी घ्यावी लागते. वैयक्तिक गाडीची सवलत हवी तर परदेशात ती सलग १२ महिने स्वतःच्या मालकीची आणि वापरातली हवी, शिवाय मालक तिथला नागरिक, कायमचा रहिवासी किंवा त्यासाठी अर्ज केलेला हवा. नुसत्या नोकरीच्या मुदती व्हिसावर हे जमत नाही. चाकाच्या खोबणीत आपल्या काळ्या रानाची माती निघाली तरी तिथले जैवसुरक्षा अधिकारी गाडी थांबवतात. सिंगापूर ३ वर्षांपेक्षा जुनी मोटार घेत नाही आणि केनिया ८ वर्षांपेक्षा जुनी.

इतके वाचूनही कोणाला गाडी न्यायचीच असेल, तर तिची वाट हिंगोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयापासून सुरू होते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा. कर्ज फेडल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५, दोन्ही लागतात. कर्ज चालू असताना गाडी देशाबाहेर नेणे म्हणजे बँकेची तारण ठेवलेली वस्तू हलवणे, आणि कोणतीही बँक त्याला सहजी होकार देत नाही. गाडी कायमची देशाबाहेर जाणार असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार इथली नोंदणी रद्द होते. एकदा भरलेल्या एकरकमी कराचा काही भाग परत मागता येतो, त्यासाठी वेगळा अर्ज करावा. थकीत ई-चलान आधी भरून टाकावे, नाहीतर प्रत्येक टेबलावर फाइल अडते.

पुढचा मुक्काम न्हावा-शेवा. हिंगोलीपासून हे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. तिथे सीमाशुल्काचे काम पाहणारा परवानाधारक दलाल लागतो. गाडी एकतर वीस फुटी कंटेनरमध्ये जाते किंवा चाकांवर थेट जहाजात चढवली जाते. टाकीत इंधन अगदी थोडे ठेवायचे, बॅटरीच्या तारा सोडवायच्या, आत घरचे सामान कोंबायचे नाही. लोणच्याची बरणी आणि पितळी समई डिकीत टाकण्याचा मोह टाळावा. परक्या बंदरात अशाच वस्तूंमुळे गाडीचा पेटारा उघडला जातो आणि थांबल्या दिवसांचे भाडे मालकाच्या माथी बसते.

काही जण कार्नेचे नाव सुचवतात. कार्ने हे गाडीच्या पासपोर्टसारखे पुस्तक असते. भारतात मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून ते मिळवता येते. त्यावर सीमाशुल्क न भरता गाडी देशोदेशी फिरवता येते. पण ते प्रवाशाचे पुस्तक आहे. त्यासाठी मोठी रक्कम तारण ठेवावी लागते आणि मुदतीत गाडी परत आणली नाही तर शुल्क भरावे लागते. रस्त्याने लंडन गाठणाऱ्यांना ते उपयोगी. दोन-तीन वर्षांच्या नोकरीला जाणाऱ्याला नाही.

आता मागे राहणाऱ्या गाडीकडे येऊ. हिंगोलीतल्या बहुसंख्य घरांचा खरा प्रश्न हाच आहे.

निघण्याच्या आठवड्यात काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. धावपळ असते, बॅगा वजन करून पुन्हा उघडल्या जातात, आणि गाडी ओळखीतल्या कोणाला तरी दिली जाते. पैसे हातात येतात, टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या होतात, ‘नावावर करून घेतो’ असा शब्द मिळतो. घेणारा ते करत नाही, कारण करण्याची त्याला घाई नसते. वर्षभराने तो गाडी दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. आरसीवर नाव मात्र परदेशात असलेल्याचेच.

याचा शेवट कुठे होतो हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दाखवून दिले. त्या खटल्यातील मोटार मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती. नंतर ती एकापाठोपाठ अनेक हातांतून गेली. २००९ मध्ये अपघात झाला आणि जीव गेला. नोंदणी कोणीच बदललेली नव्हती. न्यायालयाने म्हटले, कायद्याच्या लेखी ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक, आणि नुकसानभरपाई त्यानेच द्यायची. विक्रीची चिठ्ठी, मिळालेले पैसे, मधले खरेदीदार, यातले काहीच त्याला त्या जबाबदारीतून सोडवू शकले नाही. या निकालाची गोष्ट परदेशी निघालेल्या प्रत्येक घरात सांगायला हवी. जर्मनीत कारखान्यात पाळी करणाऱ्या मुलाला परभणीच्या किंवा नांदेडच्या न्यायाधिकरणाची नोटीस हिंगोलीच्या पत्त्यावर येते, आणि ती घेतात त्याचे म्हातारे वडील.

म्हणून विकायची असेल तर विक्री पूर्ण करूनच निघावे. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, विमा, पीयूसी आणि ओळखपत्रे लावून अर्ज दाखल व्हावा, आणि ‘वाहन’ पोर्टलवर नवे नाव दिसेपर्यंत पाठपुरावा करावा. कायद्याने राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. वेळ अगदीच कमी असेल तर जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्याला गाडी द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे परिवहन खात्याकडे नोंदलेल्या व्यापाऱ्याला गाडी देताना फॉर्म २९ सी ऑनलाइन भरला जातो, आणि तिथून पुढे गाडीची जबाबदारी व्यापाऱ्याकडे जाते. व्यापारी असा नोंदलेला आहे की नाही, हे त्याच्या पाटीवरून नव्हे, त्याच्या प्रमाणपत्रावरून पाहावे.

गाडी घरातच ठेवायची असेल तर ती सरळ वडिलांच्या, पत्नीच्या किंवा जो रोज चालवणार त्याच्या नावावर करणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. भावना आड येते, हे खरे. पहिल्या कमाईची गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना हात थबकतो. पण नाव बदलले तरी गाडी त्याच अंगणात राहणार असते, आणि जबाबदारी तिथे असलेल्या माणसाकडे जाते.

नाव स्वतःचेच ठेवायचे असेल तर दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली, घरातली पोरे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९ अ आले. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, अशी ती तरतूद आहे. जत्रेला, लग्नाला, नुसते फाट्यापर्यंत, असे म्हणत भाचा किंवा पुतण्या किल्ली उचलतो. मालक पाच हजार किलोमीटरवर असला तरी आरसीवर नाव त्याचेच असते, आणि आपल्याला काही ठाऊक नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

दुसरी गोष्ट मोबाइल नंबरची. आज परिवहन खात्याचे जवळजवळ प्रत्येक काम ओटीपीवर चालते. चलान त्याच नंबरवर येते, विम्याची आठवण त्याच नंबरवर येते, आधारही त्याच नंबराशी जोडलेले असते. परदेशात गेल्यावर रिचार्ज राहून जाते, नंबर बंद होतो आणि काही महिन्यांनी तो दुसऱ्याच कोणाला दिला जातो. मग गाडी विकायची वेळ आली की सगळे अडते. भारतीय सिम चालू ठेवावे, किंवा जाण्यापूर्वी गाडीच्या नोंदीत घरातल्या माणसाचा नंबर घालावा. हिंगोलीच्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाच्या नावे या कामापुरते नोटरी केलेले मुखत्यारपत्र करून ठेवले तर पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतात.

विम्याबद्दल एक फायद्याची गोष्ट अनेकांना माहीत नसते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, जी ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकताना विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले तर ती सूट तीन वर्षांपर्यंत राखून ठेवता येते. दोन वर्षांनी परत येऊन नवी गाडी घेतली तरी ती लागू होते. परदेशातल्या काही विमा कंपन्याही इतका काळ अपघात न केल्याचा कागद बघतात, म्हणून पत्र इंग्रजीत आणि कंपनीच्या शिक्क्याचे घ्यावे.

गाडी जात नसली तरी लायसन्स सोबत जाते. आंतरराष्ट्रीय चालक परवाना आरटीओच देते. फॉर्म ४ अ भरायचा, शुल्क १,००० रुपये, सोबत चालू लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसा. मुदत एक वर्ष. हा परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेला आहे, त्यामुळे तो कुठे आणि किती दिवस चालतो हे त्या त्या देशावर ठरते. अमिरातीत राहण्याचा व्हिसा लागला की तिथलेच लायसन्स काढावे लागते. परदेशात असताना परवाना संपला तर २०२१ पासून भारतीय दूतावासामार्फत नव्यासाठी अर्ज करता येतो. मूळ लायसन्सची मुदत मात्र आधी पाहून घ्यावी. ती संपण्याआधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष या काळात नूतनीकरण होते. त्यापुढे गेले की पुन्हा चाचणी.

ज्यांना परदेशाआधी देशातच दोन-तीन राज्ये फिरावी लागतात, त्यांच्यासाठी बीएच नंबर आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेली ही मालिका सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांना मिळते. राज्य बदलले तरी नव्याने नोंदणी करावी लागत नाही. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असल्याने, परदेशी जाताना पंधरा वर्षांचा कर अडकून पडत नाही. साध्या नंबरची गाडी मात्र दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथली नोंदणी घ्यावी लागते, आणि त्यासाठी हिंगोलीहून फॉर्म २८ वर एनओसी काढावी लागते.

परतीचाही विचार आत्ताच करून ठेवावा. तिकडे घेतलेली गाडी येताना आणू, असे मनातले मांडे अनेक जण खातात. भारतात वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टेअरिंग उजवीकडे हवे, आणि ती मुंबईच्याच बंदरातून यायला हवी. आखातातली, जर्मनीतली, अमेरिकेतली गाडी इथेच बाद होते. राहिली ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलियाची. वापरलेल्या गाडीवर मूळ सीमाशुल्क वर्षानुवर्षे १२५ टक्के होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची मांडणी बदलली, ७० टक्के शुल्क आणि वर ६७.५ टक्के अधिभार. बेरीज १३७.५. म्हणजे १० लाखांच्या गाडीवर पावणेचौदा लाख रुपये, आणि जीएसटी त्यावर वेगळा. परत येताना घरसामानाला मिळणाऱ्या सवलतीत मोटार बसत नाही.

व्हिसाचा शिक्का पडल्या दिवशीच घरातल्यांनी एकत्र बसून गाडीचा निर्णय घ्यावा, आणि निघण्याच्या किमान दोन महिने आधी हिंगोलीच्या आरटीओत अर्ज टाकावा. विकलेली गाडी असेल तर विमानतळाकडे निघण्यापूर्वी ‘वाहन’ पोर्टल उघडून पाहावे. तिथे अजून आपलेच नाव दिसत असेल, तर गाडी अजून विकली गेलेली नाही.